गाडीतला इथरनेट डेटा लॉग करताना सेटअप कुठे चुकतो: पहिल्या वायरीपासून शेवटच्या फाइलपर्यंत

कॅनवर (गाडीतल्या जुन्या, दोन वायरींच्या नेटवर्कवर) पाच-सात वर्षं काम केलेली माणसं इथरनेट लॉगिंगला, म्हणजे लिंकवरचा डेटा फाइलमध्ये साठवायला, बसली की जवळजवळ सगळ्यांची पहिली चूक सारखीच असते. कॅनमध्ये दोन वायरींवरून जोड काढला, लॉगर सायलेंट मोडला टाकला की काम झालं, कोणालाही कळत नाही की तुम्ही ऐकताय. १००बेस-टी१ मध्ये, म्हणजे गाडीतल्या एका जोडीच्या इथरनेटमध्ये, हे चालतच नाही. तिथे एकाच पिळलेल्या जोडीवरून दोन्ही ईसीयू (गाडीतले कंट्रोल युनिट) एकाच वेळी बोलत असतात आणि प्रत्येक जण स्वतःचा सिग्नल वजा करून समोरच्याचा ओळखतो, त्यामुळे मधेच तिसरी वायर जोडली तर तुम्हाला दोघांचा गोंधळ मिळतो आणि वर त्यांची लिंकही बिघडते. इथे लिंक तोडून मध्ये बसावं लागतं. म्हणजे तुमचा लॉगर हा आता गाडीचा एक भाग झाला, त्याला करंट नसेल तर गाडीची लिंक नाही, तो उशीर करत असेल तर गाडीला उशीर, तो जागा राहिला तर गाडी जागी. खालचे सगळे टप्पे या एकाच गोष्टीतून येतात, आणि क्रम बदलू नका, कारण पुढच्या टप्प्यातला दोष बऱ्याचदा मागच्या टप्प्यातला असतो.

टप्पा १: गाडीजवळ जायच्या आधी कागदावर

लॅपटॉप उघडायच्या आधी एका पानावर हे लिहून काढा: कुठल्या दोन ईसीयूंमधली लिंक, स्पीड किती (१००बेस-टी१ की १०००बेस-टी१), त्यातला मास्टर (घड्याळ देणारा) कोण स्लेव्ह (ते पाळणारा) कोण, व्हीलॅन (एकाच वायरवरची वेगळी नेटवर्कं) नंबर कुठले, आयपी कुठल्या रेंजमधले, आणि त्यावर नेमकं काय चालतं. सम-आयपी (ईसीयूंच्या आपसातल्या सर्व्हिसचा प्रोटोकॉल) असेल तर सर्व्हिस डिस्कव्हरी (कोण काय देतो याची घोषणा) साधारण यूडीपी पोर्ट ३०४९० वर असते, डीओआयपी (डायग्नोस्टिक) असेल तर १३४००, कॅमेऱ्याचा व्हिडिओ एव्हीटीपी असेल तर त्याला आयपी पत्ताच नसतो, ईथरटाइप (डेटाचा प्रकार सांगणारा नंबर) २२एफ० वरून ओळखायचा. ही माहिती नेटवर्क डिझाइनवाल्यांकडून लेखी मागा, फोनवर "बहुतेक तोच मास्टर आहे" असं कोणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. लिंकवर मॅकसेक (लिंकवरचं एन्क्रिप्शन) चालू आहे का हेही याच वेळी विचारा, असेल तर लॉगमध्ये फक्त कुलूपबंद डेटा येईल आणि सगळी मेहनत वाया.

मग डेटा किती येणार याचा हिशोब. १०० एमबीपीएसची लिंक एका दिशेने पूर्ण भरली तर सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. दोन्ही दिशा धरल्या तर तासाला ९० जीबी. प्रत्यक्षात लिंक एवढी भरलेली नसते, पण एखादा कॅमेरा ६० एमबीपीएस टाकत असेल तर तासाला २७ जीबी आणि आठ तासांच्या ड्राइव्हला २१६ जीबी, तेही एकाच कॅमेऱ्याचे. हा आकडा डिस्कच्या साइजशी तर लावाच, पण लिहिण्याच्या स्पीडशीही लावा. क्लास १० च्या एसडी कार्डची हमी फक्त सेकंदाला १० एमबीची असते, म्हणजे एक भरलेली दिशासुद्धा त्यात मावत नाही. कॅमेरा, लायडार वगैरे असेल तर सरळ एसएसडी घ्या.

तपासा: पानावर मास्टर-स्लेव्ह, स्पीड आणि तासाला किती जीबी हे तिन्ही आकडे आहेत का? एक जरी रिकामा असेल तर अजून गाडीजवळ जायचं नाही.

टप्पा २: मध्ये कसं बसायचं ते ठरवा

दोन रस्ते आहेत. एक, ईसीयूमधल्या किंवा गेटवेमधल्या स्विचचा एखादा पोर्ट मिरर करून घेणं, म्हणजे त्यावरच्या डेटाची कॉपी दुसऱ्या पोर्टवर काढणं. यात हार्नेस (गाडीचं वायरिंग) कापायला लागत नाही, पण त्या ईसीयूचं सॉफ्टवेअर तसं हवं, आणि मिरर पोर्ट १०० एमबीपीएसचाच असेल तर दोन्ही दिशांचा मिळून २०० पर्यंतचा डेटा त्यात जाणार कसा? जादाच्या फ्रेम (डेटाचे गठ्ठे) गुपचूप पडतात, कुठेही एरर येत नाही. मिररसाठी गिगाबिट पोर्टच हवा.

दुसरा रस्ता, अॅक्टिव्ह टॅप. ए बाजूची वायर एका पोर्टला, बी बाजूची दुसऱ्या पोर्टला, टॅप मधून सगळं पुढे पाठवतो आणि एक कॉपी लॉगरला देतो. टेस्ट व्हेईकलसाठी मी हाच घेतो, कारण ईसीयूला हात लावावा लागत नाही.

लोक काय करतात, तर दोन मीडिया कन्व्हर्टर (टी१ चं साध्या इथरनेटमध्ये रूपांतर करणारे डबे) घेतात आणि मध्ये ऑफिसमधला साधा स्विच लावतात. हे करू नका. साधा स्विच दोन ईसीयूंमधला युनिकास्ट (एकाने एकालाच पाठवलेला) डेटा तिसऱ्या पोर्टला दाखवतच नाही, तुम्हाला फक्त ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट (सगळ्यांना किंवा गटाला पाठवलेलं) दिसतं आणि वाटतं लॉगिंग चालू आहे. त्याहून वाईट म्हणजे टाइम सिंकचे जीपीटीपी मेसेज ज्या खास मल्टिकास्ट पत्त्यावर जातात ते मानकाप्रमाणे वागणारा स्विच पुढे ढकलत नाही. ते तिथेच संपतात, ईसीयूंची घड्याळं सुटतात, आणि तुम्ही कॅमेऱ्याचा प्रॉब्लेम शोधत बसता.

१०बेस-टी१एस असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ती बस आहे, एका वेळी एकच बोलतो, तिथे ऐकणारा नोड म्हणून जोडता येतं, फक्त फांदी अगदी काही सेंटिमीटरच ठेवा.

टप्पा ३: वायर, पिन आणि मास्टर-स्लेव्ह

कनेक्टर कापायचा नाही. मेटनेट असो की एच-एमटीडी, दोन्ही टोकांना जुळणारा जोड बनवून घ्या म्हणजे टेस्ट झाल्यावर गाडी जशी होती तशी करता येते. क्रिम्प करताना जोडीचा पीळ पिनच्या अगदी जवळपर्यंत ठेवा. मी पाहिलेल्या वाईट जोडांपैकी बहुतेकांत वायर दोन-तीन सेंटिमीटर सरळ मोकळी केलेली असते, कारण हातात धरायला सोपं जातं. बाकावर तो जोड चालतो, गाडी सुरू केली, फॅन-मोटर फिरल्या की सीआरसी एरर (फ्रेम खराब झाल्याच्या नोंदी) वाढायला लागतात.

आता सगळ्यात जास्त चुकणारी सेटिंग. टी१ लिंकवर एक टोक मास्टर आणि दुसरं स्लेव्ह असावंच लागतं आणि गाडीत हे बहुतेक वेळा हाताने ठरवलेलं असतं, आपोआप जुळत नाही. टॅप मध्ये आला की एका लिंकच्या दोन लिंक होतात. ए हा ईसीयू मास्टर असेल तर त्याच्याकडचा टॅपचा पोर्ट स्लेव्ह, आणि बी स्लेव्ह असेल तर त्याच्याकडचा पोर्ट मास्टर. एक पोर्ट स्लेव्ह, एक मास्टर, असंच येणार. लोक दोन्ही पोर्ट सारखे ठेवतात, मग एकीकडे लिंक लाइट लागतो, दुसरीकडे नाही, आणि वायर बदलत बसतात.

सावधान: कॉन्फिगरेशन सॉफ्टवेअरमध्ये बदललेली सेटिंग आणि डब्यात (टॅप किंवा लॉगरमध्ये) लिहिलेली सेटिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच डब्यांना "राइट" किंवा "सेव्ह टू डिव्हाइस" असं वेगळं बटण असतं. ते दाबा, डब्याची पॉवर काढा, परत लावा, सेटिंग वाचून बघा. पॉवर काढून न बघता पुढे गेलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी डबा जुन्याच सेटिंगवर उठतो.

तपासा: दोन्ही पोर्टला लिंक आहे का, आणि डबा सिग्नल क्वालिटी दाखवत असेल तर एसक्यूआय किती? हा आकडा ० ते ७ असतो. ६-७ वर स्थिर असेल तर पुढे जा. हार्नेस हाताने हलवून बघा, हलवल्यावर आकडा खाली येत असेल तर तो जोड आत्ताच परत क्रिम्प करा, रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्यात तो सुटणारच आहे. सीआरसीचा काउंटर शून्य करून इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं बघा, तो शून्यच राहायला हवा. हे डब्याच्या काउंटरवरच बघायचं, कारण खराब फ्रेम साधं नेटवर्क कार्ड वरती पाठवतच नाही, लॉगमध्ये त्या कधी दिसणार नाहीत.

टप्पा ४: लॅपटॉप किंवा लॉगरकडचा पोर्ट

लॉगर स्वतंत्र डबा असेल तर हा टप्पा लहान आहे: लॉगरचा स्वतःचा आयपी गाडीच्या रेंजमध्ये ठेवू नका, एवढंच. लॅपटॉपवर वायरशार्कने (नेटवर्कचा डेटा पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) घेत असाल तर मात्र लक्ष द्या.

पहिलं, लॅपटॉप गप्प बसवा. विंडोजमध्ये त्या अॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीमध्ये आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हीची खूण काढा, फक्त एनपीकॅप (वायरशार्कला डेटा पकडून देणारा ड्रायव्हर) ठेवा. नाहीतर लॅपटॉप डीएचसीपी, एमडीएनएस असलं काहीबाही सारखं पाठवत राहतो आणि टॅप ते पुढे सोडत असेल तर ते थेट गाडीत जातं.

दुसरं, व्हीलॅन टॅग. बरेच विंडोज ड्रायव्हर ईथरटाइप ८१०० चा टॅग काढूनच फ्रेम वर देतात. फाइल उघडली आणि एकाही फ्रेमला व्हीलॅन दिसत नसेल, पण पानावर व्हीलॅन लिहिलेलं असेल, तर गाडी बरोबर आहे, लॅपटॉप चुकतोय. ड्रायव्हरच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये व्हीलॅन आणि प्रायॉरिटीवाला पर्याय बघा, तिथे नाही जमलं तर सरळ लिनक्स वापरा.

तिसरं, ऑफलोड, म्हणजे फ्रेम तुम्हाला दिसायच्या आधीच त्यावर परस्पर होणारं काम. लिनक्सवर इथटूलने जीआरओ आणि एलआरओ बंद करा, आरएक्स-व्हीलॅनही बंद करा. चालू ठेवलं तर कार्ड किंवा लिनक्स छोट्या टीसीपी फ्रेम जोडून एक मोठी फ्रेम देतं, मग लॉगमध्ये १५२२ बाइटपेक्षा मोठ्या, गाडीच्या वायरवर कधी गेल्याच नव्हत्या अशा फ्रेम दिसतात आणि त्यावर रिपोर्ट लिहिला जातो.

टप्पा ५: वेळ

इथे जरा थांबतो, कारण लॉग बाकी सगळ्या बाबतीत चांगला असून वेळेमुळे फेकून द्यावा लागला तर फार वाईट वाटतं.

टाइमस्टॅम्प टॅपच्या पोर्टवर हार्डवेअरमध्ये लागला पाहिजे. लॅपटॉपने लावलेला टाइमस्टॅम्प यूएसबी आणि ऑपरेटिंग सिस्टिममधून फिरून येतो, त्यात मिलिसेकंदांची ओढाताण असते, ब्रेकचा सिग्नल आधी आला की कॅमेऱ्याची फ्रेम हे त्यावरून सांगता येत नाही. चांगले डबे फ्रेमला स्वतःची वेळ जोडून वेगळ्या आवरणात पाठवतात, टीईसीएमपी किंवा एएसएएमचं सीएमपी, दोन्हींचा ईथरटाइप ९९एफई. वायरशार्क टीईसीएमपी उलगडतो, पण डीफॉल्ट वेळेचा कॉलम लॅपटॉपचाच असतो, आतली वेळ वेगळा कॉलम करून घ्या. कच्च्या फाइलचं दुसऱ्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करताना नॅनोसेकंद टिकतात का तेही बघा, साध्या पीकॅपमध्ये मायक्रोसेकंदावर कापले जातात.

मग घड्याळ कुठलं? जीपीटीपीचं घड्याळ टीएआयवर (अणुघड्याळांच्या वेळेवर) चालतं तेव्हा ते यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ३७ सेकंद पुढे असतं. जीपीएसची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे. आणि आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. एकाच टेस्टमध्ये इथरनेट लॉगर जीपीटीपीवर, कॅन लॉगर जीपीएसवर आणि डॅशकॅम भारतीय वेळेवर असं सर्रास असतं, आणि नंतर कोणीतरी ग्राफ सरकवून सरकवून जुळवत बसतं. १९ सेकंदांचा फरक दिसला तर तो जीपीटीपी आणि जीपीएसमधला आहे, ३७ दिसला तर यूटीसीशी, हे पाठ करून ठेवा. सगळ्या डब्यांना यूटीसी द्या आणि कुठला डबा कुठल्या घड्याळावर आहे ते फाइलसोबतच्या टिपणात लिहा.

सावधान: टॅपमुळे लिंकवरचा उशीर वाढतो. शेजारच्या ईसीयूपर्यंतचा उशीर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दिसला (८०२.१एएस, म्हणजे जीपीटीपीच्या मानकामध्ये, तांब्याच्या लिंकसाठी ती साधारण ८०० नॅनोसेकंद धरतात) तर ईसीयू त्या पोर्टवर टाइम सिंकच सोडून देऊ शकतो. म्हणून टॅपमध्ये जीपीटीपीसाठी सोय असेल तर ती चालू करा, आणि टॅप लावल्यावर टाइम सिंकचा डीटीसी (ईसीयूने नोंदवलेला दोषाचा कोड) येतो का ते टॅप लावायच्या आधीच्या यादीशी ताडून बघा. त्यासाठी आधीची डीटीसी यादी काढलेली असली पाहिजे, नसेल तर टॅप काढून ती आत्ताच काढा.

टप्पा ६: फिल्टर, आणि शक्यतो फिल्टर नकोच

डिस्क पुरत असेल तर फिल्टर लावू नका, हे माझं स्पष्ट मत. सगळं घ्या, नंतर गाळा. लावायचाच झाला तर या तीन ठिकाणी हमखास फसायला होतं.

व्हीलॅनवाल्या फ्रेमला साधा "पोर्ट ३०४९०" असा कॅप्चर फिल्टर लागत नाही, आधी व्हीलॅनची अट लिहून मग "आणि पोर्ट अमुक" असं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर फाइल रिकामी येते.

मोठा यूडीपी मेसेज आयपीच्या तुकड्यांत येतो तेव्हा पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात असतो. पोर्टवर फिल्टर लावला की बाकीचे तुकडे गेले, मेसेज परत कधीच जुळत नाही.

आणि फक्त दोन ईसीयूंच्या आयपीवर फिल्टर लावला तर एव्हीटीपी, जीपीटीपी सगळं जातं, मल्टिकास्टही जाऊ शकतं. सर्व्हिस डिस्कव्हरी नसलेला लॉग म्हणजे कोण कोणाला का बोलत नाही याचं उत्तर नसलेला लॉग.

जागा वाचवायची असेल तर कॅमेऱ्याच्या फ्रेमचे फक्त पहिले १२८ बाइट ठेवणं हा चांगला पर्याय आहे, सिक्वेन्स नंबर आणि वेळ टिकते, चित्र जातं. हे फक्त त्या एव्हीटीपी स्ट्रीमलाच लावा, सगळ्या पोर्टला नको.

टप्पा ७: फाइल आणि डिस्क

एकच मोठी फाइल करू नका. फॅट३२ डिस्कवर ४ जीबीला फाइल थांबते आणि काही डबे तिथेच गप्प होतात. डिस्क एक्सफॅट किंवा लॉगर सांगेल त्या फॉरमॅटमध्ये करा आणि फाइल ५१२ एमबी किंवा १ जीबीला तोडायला लावा, एखादी खराब झाली तर तेवढाच भाग जातो. रिंग बफर (भरला की जुना डेटा पुसत जाणारा) लावला असेल तर तो किती वेळाचा आहे ते मिनिटांत काढून बघा. वीस मिनिटांचा रिंग बफर लावून चार तासांची ड्राइव्ह केली तर शेवटची वीस मिनिटंच हातात येतात. ट्रिगरवर (ठरलेली घटना घडली की तेवढंच) घेत असाल तर ट्रिगरच्या आधीचे निदान ३० सेकंद ठेवा, दोषाचं मूळ तिथेच असतं.

एक गोष्ट आपल्याकडची. लॉगर डिकीत कापडाखाली, गाडी एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी. तापलेली एसएसडी स्वतःचा स्पीड कमी करते आणि बफर भरून फ्रेम पडायला लागतात. डबा मोकळ्या हवेत, सीटखाली किंवा मागच्या पायाशी पट्ट्याने बांधा.

टप्पा ८: पॉवर, झोप आणि जाग

टॅपला पॉवर कायमच्या बॅटरी लाइनवरून द्या, म्हणजे टर्मिनल ३० वरून, फ्यूज लावून. इग्निशनवरून दिली तर ईसीयू जागे होतात तेव्हा टॅप अजून बूट होत असतो, सुरुवातीच्या काही सेकंदांत लिंक नसते आणि गाडी "कम्युनिकेशन लॉस्ट" म्हणून डीटीसी टाकते. तो डीटीसी तुमच्यामुळे आलेला असतो, पण धावपळ ईसीयू टीमची होते.

आता उलट बाजू. टॅप कायम चालू असल्यामुळे दोन्हीकडची लिंक जागी ठेवतो आणि गाडी झोपतच नाही असंही होतं. शुक्रवारी गाडी उभी केली, सोमवारी बॅटरी उतरलेली. डब्यात स्लीपची सेटिंग असते, एका बाजूची लिंक गेली की दुसरीही सोडायची अशी, ती चालू करा.

तपासा: की ऑफ करून अर्ध्या तासाने क्लॅम्प मीटरने बॅटरीचा करंट बघा आणि लॉगर नसतानाच्या आकड्याशी ताडा. शिवाय लॉगिंग चालू असताना मुद्दाम की ऑफ करा, शेवटची फाइल नीट बंद होते का बघा. नसेल होत तर शटडाउनचा वेळ वाढवा.

टप्पा ९: पाच मिनिटांची रंगीत तालीम

हा टप्पा माझ्याकडून एकदा राहिला होता. चाकणहून सकाळी गाडी नाशिक रोडला निघाली, दिवसभर लॉगरचा हिरवा लाइट लुकलुकत होता, ड्रायव्हर दर दोन तासांनी फोन करून सांगत होता की सगळं चालू आहे. संध्याकाळी फाइल उघडली तर फक्त एकाच दिशेचा डेटा. टॅपच्या मिरर सेटिंगमध्ये दुसऱ्या पोर्टची खूण राहून गेली होती. तेव्हापासून कितीही घाई असली तरी पाच मिनिटं लॉग करून, डिस्क काढून, दुसऱ्या लॅपटॉपवर फाइल उघडल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

फाइल उघडून हे बघायचं. कॉन्व्हर्सेशनच्या तक्त्यात टीसीपीच्या दोन्ही दिशांना आकडे आहेत का, एका बाजूला शून्य असेल तर मिरर अर्धवट आहे. व्हीलॅन टॅग दिसतात का. प्रोटोकॉलच्या यादीत पानावर लिहिलेलं प्रत्येक नाव आहे का, जीपीटीपी धरून. मग टीसीपीमध्ये "न पाहिलेल्या सेगमेंटला पोच मिळाली" अशा अर्थाची खूण वायरशार्क दाखवतो का ते शोधा. ही खूण फार कामाची आहे: समोरच्या ईसीयूला डेटा पोचला म्हणून त्याने पोच दिली, पण तुमच्या फाइलमध्ये तो डेटा नाही, म्हणजे गाडी ठीक आहे आणि फ्रेम तुमच्या लॉगरने पाडली. एव्हीटीपीचा सिक्वेन्स नंबर ० ते २५५ जाऊन परत शून्यावर येतो, मध्ये उडी असेल तर फ्रेम गेली. टीसीपी आणि एव्हीटीपी दोन्हीत एकाच क्षणी गळती दिसली तर डिस्क किंवा मिरर पोर्ट भरतोय, टप्पा १ च्या हिशोबाकडे परत जा.

तालीम गाडीवर जास्तीत जास्त लोड असताना करा, सगळे कॅमेरे चालू, रिव्हर्स टाकून, डायग्नोस्टिक टूल जोडून. शांत उभ्या गाडीवर कुठलाही सेटअप पास होतो.

टप्पा १०: गाडी परत देताना

फाइल कॉपी झाल्यावर चेकसम (कॉपी तंतोतंत आहे का सांगणारा आकडा) जुळवा, मग डिस्क पुसा, आधी नाही. फाइलसोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: तारीख, गाडीचा टेस्ट नंबर, कुठला पोर्ट कुठल्या ईसीयूकडे होता, घड्याळ कुठलं, फिल्टर होता का, डब्याचा फर्मवेअर नंबर आणि डब्यातून वाचून घेतलेली कॉन्फिगरेशन फाइल. सहा महिन्यांनी कोणीतरी हा लॉग उघडणार आहे आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टवर असाल.

मग टॅप काढा, मूळ कनेक्टर खटका ऐकू येईपर्यंत बसवा, हार्नेस आधीच्या क्लिपमध्ये परत घाला, डीटीसी क्लिअर करा, गाडीला पूर्ण झोपू द्या, परत उठवा आणि डीटीसी पुन्हा वाचा. यादी टॅप लावायच्या आधी काढलेल्या यादीपेक्षा एका ओळीनेही वाढली असेल तर गाडी द्यायची नाही, तो कनेक्टर परत उघडून बघा, एखादी पिन मागे सरकलेली असते.